चालतं इंजिन उतरवणारा परकार

लोक टेपरेकॉर्डर घेतात ते गाणी ऐकायला. याकूब परकार त्यात गाडी भरायचा. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आखातातल्या मंगफ गावातल्या आमच्या इमारतीखाली, खांबांच्या सावलीत, तो आपल्या पिवळ्या गाडीचं बॉनेट उघडायचा, टेपरेकॉर्डरला एक वाक्य सांगायचा आणि मग तो इंजिनाजवळ धरून पुतळ्यासारखा उभा राहायचा. मध्येच एका बोटाने ॲक्सिलरेटरची तार ओढायचा. त्या वेळी कुणी "सलाम अलैकुम" म्हटलं तरी ओठांवर बोट ठेवायचा.

"गप्प राहा. बोलते ती."

भरलेली कॅसेट मग रजेवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत पडायची आणि खेडजवळच्या गावी त्याच्या अब्बांकडे पोचायची. आम्ही बाकीचे लोक कॅसेटवर बायकामुलांची ख्यालीखुशाली पाठवायचो. हा पाठवायचा चार सिलेंडरची घरघर.

लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला या माणसाचा मत्सर वाटायचा. हेवा वगैरे सभ्य शब्द आहेत, ते माझ्या कामाचे नाहीत.

मी मेकॅनिकल इंजिनियर. पहिल्या वर्गात पास झालेला, आणि ते ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा. नोकरी तेलाच्या कंपनीत, काम पंपांच्या कागदांवर सह्या करणं. हाताला ग्रीस लागून मला किती वर्षं झाली असतील, आठवत नाही. आणि परकार? अकरावी नापास. इस्पितळात कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करायच्या मशिनवर तो टेक्निशियन होता. आमच्या खालच्या मजल्यावर एका खोलीत एकटा राहायचा. अशा माणसाने मोटार बनवावी?

मोटार त्याच्या गळ्यात पडली तीही नशिबाने. एका इंग्रज साहेबाने ती विलायतेहून खोक्यांत भरून आणली होती. फायबरची बॉडी, चासी, लहानसं इंजिन, नटबोल्टांच्या पिशव्या आणि एक जाडजूड पुस्तक. आपणच घरी जोडायची गाडी. साहेबाची नोकरी संपली, तो गेला, आणि खोकी मागे राहिली ती परकारने उचलून आणली. त्याच महिन्यात मी मुलीचं कपाट जोडायला घेतलं होतं. तेही पुस्तकासकट खोक्यातून आलं होतं. ते शेवटी सुताराने जोडलं.

परकारने पुस्तक उघडलंही नाही. कुठे अडलं की तो कॅसेट भरायचा. महिन्या-दीड महिन्याने अब्बांची कॅसेट यायची आणि हा पाना घेऊन गाडीखाली सरपटायचा. अब्बांचं गावी गॅरेज होतं. खाडीतल्या लाँची आणि रस्त्यावरचे ट्रक, दोन्हींची इंजिनं त्यांनी जन्मभर उघडली. आता डोळे गेले होते, पण कान शाबूत. नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगायचे. माझं म्हणणं एवढंच होतं की डोक्यावरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाचा इंजिनियर बसलेला असताना समुद्रापलीकडच्या आंधळ्या म्हाताऱ्याला विचारायला कशाला जायचं? मी एक-दोनदा आपण होऊन सुचवूनही पाहिलं. परकार अदबीने म्हणाला, "पाटणकरसाहेब, तुम्ही मोठी माणसं. ही छोटी गाडी हाय."

मग मी बाल्कनीत उभा राहून लक्ष ठेवायला लागलो. उगाच उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून हातात झारी घ्यायचो. बाल्कनीत बायकोने लावलेला मोगरा होता. परकार खाली जितका वेळ खपे तितका वेळ मी मोगऱ्याला पाणी घाली.

दीडेक वर्षाने गाडी चालायला लागली. दोनच सीटांची, बसकी, हळदीसारखी पिवळी. इंजिन लहान होतं, पण घड्याळासारखं चालायचं. माझ्या बायकोला आमच्या गाडीचा रंग विचारला असता तर आठवून सांगावा लागला असता. तिने परकारच्या गाडीला "किती गोड गं बाई" म्हटलं आणि लोण्याचा गोळा ठेवून थालीपीठ खाली पाठवलं. माझी मुलगी म्हणाली, "पपा, यू आर ऑल्सो इंजिनियर, नो? व्हाय डोन्ट यू मेक वन?"

"वेळ नाही," मी म्हणालो. झारी माझ्या हातातच होती.

आणि मग सात-आठ महिन्यांनी एका शुक्रवारी मी बाल्कनीत येऊन पाहतो तर पिवळ्या गाडीचं ते लहानसं गुणी इंजिन साखळीच्या कप्पीला लटकतंय. मी धावत खाली गेलो.

"याकूबभाई, बिघडलं की काय?" माझ्या आवाजातली आशा मलाच ऐकू आली.

"नाय हो. छान चालत होतं."

"मग चालतं इंजिन उतरवलंत?"

"छान चालत होतं म्हणून तर," तो म्हणाला आणि पुढचा बोल्ट सोडवायला लागला.

त्याने शुवैखच्या भंगारबाजारातून एका ठोकलेल्या जपानी गाडीचं टर्बो इंजिन आणलं होतं. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, की लहान तोंडी मोठा घास. ताकद जवळजवळ दुप्पट. मला मनापासून आनंद झाला. हावरटपणा म्हणतात तो हाच, आता हा आपटणार, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आमटी निवतेय."

इंजिन चार बोटं लांब निघालं. परकारने मधला पत्रा कापून पाय ठेवायची जागा चार बोटं आखूड केली. रेडिएटर पुढे सरकवला. नवे माउंटिंग वेल्ड केले. तरीही बॉनेट लागेना, तेव्हा त्याला भोक पाडलं आणि वर आलेला भाग इस्पितळातून बाद झालेल्या किडनी ट्रेने झाकला. ट्रे उपडा घालून पिवळा रंगवला. शपथेवर सांगतो, तो शोभत होता. इमारतीतली मंडळी येऊन त्यावर हात फिरवून जायची. माझ्या गाडीवर फक्त धूळ बसायची.

पहिल्या फेरीला बायकोने मला त्याच्या शेजारच्या सीटवर ढकललं. अबू हलीफाच्या बाजूला समुद्राकाठचा रस्ता मोकळा होता. पहिला गिअर, दुसरा गिअर, पाठ सीटला चिकटली. मी मनात देवाला म्हणालो, हे काही बरं नाही. देवाने ऐकलं. तिसऱ्या गिअरला कुठेतरी फुस्स झालं आणि गाडीतला जोर एकदम गेला. मागून पाण्याचा टँकर आला आणि आम्हाला ओलांडून गेला.

परकारने गाडी बाजूला घेतली. पुन्हा पळवायची म्हणाला, पण आधी माझ्या हातात टेपरेकॉर्डर दिला. धुळीच्या वादळांचे दिवस होते, त्याचा घसा बसला होता. "अब्बा, इंजिन नवं हाय. थर्डला फुसफुसते नि बसते," एवढं बोलून त्याने गाडी काढली. आणि मी, पहिल्या वर्गाचा इंजिनियर, टेपरेकॉर्डर पुढे धरून तिचं फुसफुसणं भरून घेत होतो. त्या दुपारी मात्र मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कॅसेट गावी गेली. मी ठरवलं की या वेळी म्हाताऱ्याच्या आधी आपण. कंपनीतून टर्बोवरचं पुस्तक आणलं, आकृत्या पाहिल्या. तीन आठवडे अभ्यास केला, परीक्षेला केला नव्हता एवढा. मग परकार ड्यूटीवर असताना टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकलो. सापडलं! टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी होजला खालच्या अंगाने, क्लिपच्या शेजारी, चीर गेली होती. हवेचा दाब वाढला की चीर उघडायची आणि हवा बाहेर. इतका आनंद मला पदवीच्या वेळीही झाला नव्हता.

शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी परकारच्या खोलीत गेलो. बायकोला सांगून गेलो होतो, की दहा मिनिटांत खाली ये, गंमत दाखवतो. परकार कॉटवर बसून खोकत होता.

"याकूबभाई, होज फाटलीय. खालच्या बाजूने."

त्याने कॅसेटींचा खण ओढला. आत कॅसेटींच्या शेजारी नवी कोरी होज होती, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन क्लिपांसकट.

"पंधरा दिस झाले आणून," तो म्हणाला.

"मग बसवली का नाही?"

"अब्बांचं उत्तर यायचंय ना."

तो नखाने पिशवीचं लेबल खरवडत बोलला. "गॅरेज सोडून मी इकडे आलो, तेव्हापासून अब्बा माझ्याशी बोलत नाय. एक अक्षर नाय. भाऊ बोलतो, अम्मी बोलते. ही खोकी आणली, म्हटलं बघू, म्हणून इंजिनाचा आवाज पाठवला. तर अब्बांची कॅसेट आली! दोन्ही बाजू भरून. तिला असं कर, तिला तसं कर. मला नाय हो, तिला. पण आवाज तर अब्बांचा. मग गाडी झाली. चालायला लागली. अब्बा म्हणाले, आता ती बरी हाय, कॅसेट फुकट घालवू नको. त्यावर आठ महिने काय नाय."

"म्हणून चालतं इंजिन उतरवलंत?"

"चांगल्या गाडीबद्दल काय विचारू, साहेब?" मग तो हळूच म्हणाला, "तुम्हाला होज दिसली, ते खाली कुणाला सांगू नका. गावी जाणारे असतात, बोलतात."

मी वर आलो. बायको केस विंचरून जिन्यात तयार. "काय गंमत?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "गाडीला काय झालंय ते कळत नाही."

एवढं महागाचं वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. तिने कणव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात अब्बांची कॅसेट आली. परकारने मला बोलावलं. आधी नुसती खरखर, मागे कोंबडं, मग खणखणीत म्हातारा आवाज. "तिचा हेडचा पॅकिंग गेला हाय. बदल तिचा." बराच वेळ पॅकिंग कसं बसवायचं, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, ते सांगितलं. टर्बो म्हणून काही असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. निदान सपशेल चूक. मी हसू दाबलं. मग टेपवर शांतता झाली. संपली असं समजून मी उठणार, तोच पुन्हा आवाज आला, जरा खाली.

"नि तुझ्या आवाजात घरघर हाय. छातीत कफ धरलायस. इस्पितळात कामाला हायस ना? दाखव कुणाला तरी."

परकारने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली. तिसऱ्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. मी तिथे बसलो होतो आणि मला त्याचा असा मत्सर वाटत होता की त्यापुढे गाडी, थालीपीठ, किडनी ट्रे सगळं किरकोळ.

शुक्रवारी त्याने हेड उतरवलं. पॅकिंग उत्तम होतं. तरी ते काढून नवं घातलं.

"अहो, हे बदलायची गरज नाही," मी म्हणालो.

"बदलला म्हणून अब्बांना सांगायचं तर बदलायला नको? बापाशी खोटं बोलू?"

दिवसभर मी त्याला पाने देत होतो. हाताला कोपरापर्यंत ग्रीस लागलं. संध्याकाळी होज बसवली, त्याला पाच मिनिटं पुरली. अबू हलीफाच्या रस्त्याला गाडी अशी सुटली की मी देवाबिवाला काही म्हणालो नाही. परकारने टेपरेकॉर्डर चालू केला. "अब्बा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आता बरी हाय ती. दवाखान्यात पण जाऊन आलो."

"म्हणजे आता पुन्हा आठ महिने?" परतताना मी विचारलं.

"गिअरबॉक्स जुनाच हाय, साहेब," तो म्हणाला. "एवढी ताकद तो किती दिस सोसणार?"

घरी येऊन मी हात धुतले. माझे वडील सांगलीला, मास्तरकीतून निवृत्त झालेले, मागच्या अंगणात फुलझाडं लावून असायचे. मी त्यांना महिन्याला पत्र लिहायचो. इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी. त्यांचंही अर्ध्या पानाचं उत्तर यायचं, की तिकडेही क्षेम. मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. पहिल्या वर्गाचा मुलगा काय विचारणार? त्या दिवशी पत्राच्या तळाशी मी लिहिलं, बाल्कनीतला मोगरा पिवळा पडत चालला आहे, काय करावं?

उत्तर आलं ते सहा पानांचं, पाठपोट. पहिली ओळ होती, 'पाणी फार घालतोस.' पुढे माती कशी हलवावी, मुळं कशी मोकळी करावी, छाटणी कुठून, सावली किती. शेवटच्या पानावर, 'तुझीही तब्येत सांभाळ, तुला लहानपणापासून ऊन बाधतं.'

मोगरा तोवर वाळून काटकी झाला होता. बायको कुंडी रिकामी करायला निघाली होती, तिला मी थांबवलं. सहाही पानं समोर ठेवून माती हलवली, मुळं मोकळी केली, काटकी छाटली, कुंडी सावलीत सरकवली. मग हात धुऊन लिहायला बसलो. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं.'