रुमालाखालची फियाट

"रविवारी भंगारवाला येतोय. अठ्ठावीस हजार देतो म्हणालाय," सौदामिनीबाईंनी चहाबरोबर बातमी दिली.

माधवरावांचा कप बशीत आपटला. नायगावला तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा जीव एकाच वस्तूत अडकला होता, अंगणातल्या चौऱ्याहत्तर सालच्या फियाटमध्ये. "अगं, विंटेज म्हणतात हिला! लाखांत किंमत आहे!"

"मग दाखवा की लाख. रविवारपर्यंत. न्हाईतर मला तिथं पापड वाळवायला जागा पाहिजे."

झालं! माधवराव इरेला पेटले. मोबाइलवर पाहिलं तर तसलीच गाडी कुठं साठ हजार, कुठं सहा लाख. शेवटी त्यांनी मेकॅनिक पाशामियाँना गाठलं.

"सर, इंजन एक नंबर हाय. पर कीमत मेरेकु नक्को पूछो. बाजारात उभी करा, आपोआप कळतंय."

पाशामियाँ आपले बोलण्याच्या ओघात बोलले. पण माधवरावांना बाजार एकच ठाऊक, शनिवारचा, जनावरांचा. शनिवारी सकाळी फियाट दोन बैलजोड्यांच्या मधोमध उभी! आता बोला!

तासाभरात महादेवप्पा व्यापारी आले. त्यांनी बॉनेट थोपटलं, सवयीनं पुढच्या जाळीत दात शोधले आणि मास्तरांच्या हातावर रुमाल टाकला. या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं धरतात. महादेवप्पांनी तीन बोटं धरली. तीन लाख! पण लगेच कबूल होतील तर ते मास्तर कसले? त्यांनी पाचही बोटं पुढं केली. महादेवप्पांनी पंजा दाबला, यांनीही दाबला. "जमलं!" म्हणत बॉनेटवर गुलाल पडला.

माधवरावांनी तिथूनच घरी फोन लावला. "ऐकलंस का? पाच लाख!"

"लाख कुठलं, मास्तर?" महादेवप्पा म्हणाले. "हितं एक बोट म्हंजे धा हजार. पन्नास झाले. लेकीची वरात हिच्यातच काढतो."

"अहो, मला विकायची नव्हती! नुसती किंमत बघायची होती!"

"बाजारात हात दिला म्हंजे दिला."

माधवरावांना रडूच फुटलं. फोन चालूच होता.

अर्ध्या तासात रिक्षा आली. सौदामिनीबाईंनी पदर खोचला. "टाका रुमाल."

महादेवप्पा लाजले. चाळीस वर्षांत त्यांच्या रुमालाखाली बाईचा हात आला नव्हता. पण जिच्या नावातच सौदा, ती कशाला मागं सरतेय? रुमाल बराच वेळ हलत राहिला. महादेवप्पांना घाम फुटला.

"जमलं, बाई. फकस्त वरातीला एक दिवस द्या."

"केवढ्याला सोडवलीस?" माधवरावांनी विचारलं.

"रुमालाखालचं सांगत नसतात."

"पण तू तर भंगारात देणार होतीस!"

"तुम्ही रडला म्हणून आले. माझ्या बाळंतपणातसुद्धा रडला नव्हता तुम्ही." सौदामिनीबाई ऐटीत मागच्या सीटवर बसल्या. "आता मालकीण मी. चला, ड्रायव्हर."

गाडीची किंमत माधवरावांना आजतागायत कळलेली नाही. रविवारी सकाळी ते अंगणात आले, तर फियाटच्या टपावर पापड वाळत घातलेले होते.