दीड वर्षाच्या यमुनाआक्का

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. चुकेल तिथे सांभाळून घ्या. पण यमुनाआक्कांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं.

यमुनाआक्का कोणाच्याही घरी गेल्या की रांगतात.

हो, रांगतात. साठी ओलांडलेली, अंगाने भरलेली बाई. इकडे गुजरातमध्ये, गोडादऱ्यात, आमच्या गल्लीतल्या बायकांना साड्यांवर खडे चिकटवायचं काम त्याच आणून देतात. गाठोडं दारात टेकवतात, पदर खोचतात आणि हातापायांवर थेट पलंगाखाली. एखादी नवी सून घाबरून विचारते, "आक्का, काही पडलं का?" पलंगाखालून आवाज येतो, "चूप बस. मी आते दीड वरीसनी शे. माले काय काय दिसस ते दखू दे."

दीड वर्षाच्या आक्कांना पिना सापडतात, ब्लेड सापडतं. पण खरा राग सॅनिटायझरवर. खडे चिकटवताना गम बोटांना लागतो आणि साडीवर डाग पडला तर शेठ ओरडतो. सॅनिटायझरने बोटं झटकन साफ होतात, हे आम्हाला कोरोनात कळलं. तेव्हापासून प्रत्येकीच्या मांडीशी बाटली. आक्कांनी हुकूम काढला, बाटली छतातल्या पाळण्याच्या हुकाला टांगायची! मग काय, दर खेपेला उठा, बोटं पुसा, परत बसा.

"आक्का, गुडघे गेले आमचे!"

"गुडघा जाऊ दे. पोर गयी तर?"

कोणी मुलाच्या हाताला ते चोळलं, तर हात पूर्ण सुकेपर्यंत आक्का त्याचं मनगट धरून बसतात. बोट तोंडात नाही, डोळ्यात नाही. वर त्याच्या आईला टोमणा, "साबण सरी गया का तुना घरमा?"

लोक हसायचे. मीही पदराआड हसायचे.

मागच्या उन्हाळ्यात शेठच्या माणसाने मोठ्या कॅनमधलं सॅनिटायझर आंब्याच्या सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून घरोघर वाटलं. आक्का तेव्हा कामरेजला लग्नाला गेलेल्या. माझी दोन वर्षांची नात परी. तिने बाटलीवरचा आंबा पाहिला. आम्हाला दिसली तेव्हा झाकण उघडं, पोर खोकतेय आणि तोंडाला तोच उग्र वास.

माझी सून दीपाली मीठ-पाणी कालवायला धावली. तेवढ्यात दारात आक्का, लग्नाच्या जरीच्या साडीत, नुकत्याच परतलेल्या.

"मीठ-पाणी नको! उलटी नको! दवाखाना!"

त्यांनी परीचं तोंड ओल्या पदराने पुसलं, जरीचा विचारसुद्धा केला नाही. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात ती बाटली.

"बाटली कशाला, आक्का?" दीपाली रडत म्हणाली.

"डॉक्टरले दखाडाले."

रिक्षात परीचे डोळे मिटू लागले. मी देवाचं नाव घेत होते आणि आक्का तिच्याशी भांडत होत्या, "ए परी, तू मना लाडू खादा ना? खरं सांग!" परी डोळे उघडून मान हलवायची, नाही म्हणायची. असं भांडत भांडत दवाखाना आला.

डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, किती प्यायली, कधी. वाटेत आम्हाला विचारून घेतलेलं सगळं आक्कांनी अर्धी अहिराणी, अर्धी गुजराती मिसळून नीट सांगितलं. परीच्या रक्तातली साखर तपासली, सलाईन लागलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "उलटी करवली नाही, लगेच आणलं, बाटलीही आणली. फार बरं केलं." माझी छाती अशी फुगली, जणू माझाच पहिला नंबर आला. आमच्या गल्लीची बाई! परीने उठून पहिल्यांदा भाकर मागितली.

दोन दिवसांनी मी मांडे घेऊन आक्कांच्या खोलीवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या कधी कोणाला बोलवत नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एकच खोली. सुरी, काडेपेटी, गोळ्या, फिनेल, सगळं माळ्यावर. खालच्या प्लगला चिकटपट्टी. लोखंडी पेटीच्या कोपऱ्यांना साडीच्या चिंध्या गुंडाळून बांधलेल्या.

"आक्का, इथे कोणतं पोर येतं?"

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि चहाचं आधण ठेवलं.

"येत नही," त्या म्हणाल्या. "पण एखादं घरमा उनं तर?"

दुसऱ्या दिवशी मी परीला कडेवर घेऊन गेले आणि त्यांच्या खोलीत खाली सोडलं.