एका तरुणासाठी प्रार्थना करा

चहाड्या करणं पाप आहे आणि मी ते कधीच करत नाही. मी फक्त प्रार्थना करते!

आणि काय प्रार्थना करते म्हणून सांगू! गेल्या वर्षापर्यंत मी आमच्या चर्चच्या तरुण संघात मागच्या खुर्चीत बसून नुसतं 'आमेन' म्हणायचे, तेही बाकीच्यांचं म्हणून झाल्यावर. मग एके दिवशी पाळकसाहेबांनी अचानक माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठले, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि वॉशर गेलेल्या नळासारखी जी सुरू झाले, ती बंदच होईना! हवामानापासून वॉचमनच्या गुडघ्यापर्यंत सगळं देवापुढे मांडलं. "छान! मनापासून झाली," पाळकसाहेब म्हणाले. झालं! तेव्हापासून मी कोणाला आवरत नाही. दादा मला 'भोंगा' म्हणतो. म्हणू दे.

तर हे प्रकरण त्या दादाचंच. दादा जुन्या गाड्यांच्या दुकानात विक्रेता. रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन बाहेर पडायचा. बाबांची छाती त्या टायकडे बघूनच फुगायची. एकदा मी शाळेच्या प्रकल्पासाठी वाचनालयात गेले, तर कोपऱ्यातल्या टेबलावर, 'येथे खाण्यास मनाई आहे' या पाटीच्या बरोब्बर खाली, दादा! टाय जागच्या जागी, डबा मांडीवर, तोंडात घास.

"तू इथे?"

"शू! हळू!"

"सुट्टी आहे?"

"भोंग्या, हळू बोल म्हटलं ना!"

मग त्याने सांगितलं. मालक गिऱ्हाइकांशी खोटं बोलायला लावायचा. दादाला ते जमेना. शेवटी मालक म्हणाला, मी सांगतो तसं बोल, नाहीतर घरी बस. दादा निमूट उठला आणि निघाला. पण घरी बसायची सोय कुठे होती? घरी बाबा होते!

बाबा छापखान्यात फोरमन आहेत. सुरू झालेलं यंत्र आणि हाती घेतलेलं काम मध्येच थांबवायचं नाही, हा त्यांचा नियम. दादाने लहानपणी गिटारचा क्लास अर्धवट सोडला, ते अजून जेवताना ऐकवतात. त्यात ही नोकरी बाबांनी स्वतः शब्द टाकून मिळवून दिलेली, कारण तो मालक म्हणजे बाबांचा शाळेतला मित्र!

"रविवारी उपासना झाली की मी स्वतः सांगणार आहे बाबांना," दादा म्हणाला. "माझ्या तोंडून ऐकलं तर ओरडतील, पण ऐकून तरी घेतील. बाहेरून कळलं, तर पळून आला आणि वर लपवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहील. कुणाला बोलायचं नाही. हो म्हण."

आमच्या घरी शपथा घेत नाहीत. हो म्हटलं की हो. मी "हो" म्हणाले. अगदी मनापासून!

पण गुपित पोटात ठेवून फिरणं म्हणजे ओलं मांजर दप्तरात घेऊन वर्गात बसण्यासारखं आहे! बुधवारी तरुण संघात मुलींची प्रार्थना होती. "प्रार्थनेचे विषय सांगा," असं संघ चालवणाऱ्या ताई म्हणाल्या आणि दप्तरातलं मांजर ओरडायला लागलं. मी विचार केला, माणसांना सांगायचं नाही हे ठरलंय. देवाला सांगायला कोणी बंदी केली आहे? आणि नाव तर मी घेणारच नाही!

"हे प्रभू," मी सुरुवात केली, "एका तरुणाची नोकरी गेली आहे. त्याच्या वडिलांना हे ठाऊक नाही. तो कोण आहे, ते तुला ठाऊक आहे..."

इथे मी एक डोळा किंचित उघडला. गोल करून बसलेल्या प्रत्येक मुलीचा एकेक डोळा उघडा होता!

आमेन व्हायचा अवकाश, माझी मैत्रीण चष्मिश कानाशी आली. "कोण गं?"

"सांगता येणार नाही."

"आपल्या चर्चमधला?"

"सांगता येणार नाही म्हटलं ना! प्रार्थना कर फक्त."

चष्मिशने केली. शिवाय तिने आईलाही करायला सांगितली. तिची आई म्हणजे आमच्या कॉयरमधल्या सोप्रानो काकू! त्यांनी वरचा सूर लावला की चर्चच्या खिडक्या थरथरतात. आणि याच काकू आमच्या चर्चची प्रार्थना-साखळी चालवतात. साखळी म्हणजे फोन. काकूंनी एकाला फोन करायचा, त्याने पुढच्याला, आणि फिरत फिरत विषय सगळ्या मंडळीपर्यंत पोचतो. नियम असा की विषय फक्त सांगायचा, चर्चा करायची नाही. पण नीट प्रार्थना करायची, तर नीट माहिती नको?

गुरुवारी साखळीत आलं, 'एका तरुणाची नोकरी गेली.' दुपारी ऑर्गनवाल्या काकांना प्रश्न पडला, अशी कशी जाईल? काहीतरी पैशांचं असणार! संध्याकाळी कोणाला तरी वाटलं, पैशांचं म्हणजे पोलीस आलेच. आणि वडिलांना अजून का सांगितलं नाही? उघड आहे! वडील हृदयरोगी असणार!

शुक्रवारी कॉयरच्या सरावाला सगळं चर्च एकच कोडं सोडवत होतं. स्तोत्रांच्या वह्यांवरून नजरा तरुणांवर फिरत होत्या. कॉयरमधला एक दादा सर्दीमुळे आला नाही, तर सराव आटोपल्यावर त्याच्या घरी तिघंजण फळं घेऊन गेले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "आम्हाला काही सांगू नकोस. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." तो शिंकला. त्यांना वाटलं, रडला!

मला हे चष्मिशकडून कळलं. माझा दादा, आणि पोलीस? आता गप्प बसणं बरं नव्हे. मी धीटपणे सोप्रानो काकूंना फोन लावला.

"काकू, त्यात पोलीसबिलीस काही नाहीयेत हो!"

"तुला काय माहीत, बाळ?"

"म्हणजे... तो तसा मुलगाच नाहीये!"

मग काकूंचा आवाज एकदम खाली आला. "तू ओळखतेस त्याला?"

आता खोटं कसं बोलणार? "हो."

"भेटतेस?"

"रोजच भेटतो की!"

"आणि घरी माहीत आहे?"

"अजिबात नाही! आणि प्लीज, काकू, आईला काही सांगू नका!"

फोन ठेवला तेव्हा मला फार हलकं वाटलं. प्रकरण मिटवलं एकदाचं!

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. दादाचा चेहरा उद्याच्या विचाराने पडलेला. आईने सूप वाढलं आणि फोन वाजला. आई साखळीतली सगळ्यात शेवटची, कारण तिचा फोन दिवसभर लागतच नाही. ती "अरेरे! अरे देवा!" असं करत ऐकत राहिली आणि डोळे पुसत टेबलाशी आली.

"आधी सगळ्यांनी हात धरा," ती म्हणाली. "फार वाईट विषय आलाय. एका तरुणाने नोकरीच्या ठिकाणी पैशांची अफरातफर केली. पोलीस मागावर आहेत. बापाला काही पत्ता नाही, तो बिचारा हृदयरोगी. आणि कहर म्हणजे आपल्याच चर्चमधली एक शाळकरी मुलगी त्या तरुणाच्या नादी लागली आहे!"

मी दादाकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. माझा हात त्याच्या हातात होता. त्याने तो लिंबासारखा पिळला!

बाबांनी डोळे मिटले. बाबा एरवी जेवणाआधी एका वाक्यात उरकतात. पण आज त्यांना भरून आलं.

"हे प्रभू," ते म्हणाले, "त्या मुलीच्या आईबापांचे डोळे उघड! घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नाही, काय म्हणावं अशा माणसांना! आणि त्या तरुणाच्या बापासाठी विनंती करतो. मुलगा बापाला सांगायला घाबरतो, म्हणजे बापाचंच कुठेतरी चुकलंय. त्याला थोडी अक्कल दे. मुलगा समोर येऊन बोलेल, तेव्हा त्याला ओरडू देऊ नकोस. आधी पूर्ण ऐकून घ्यायचं बळ दे. आमेन!"

"आमेन," आई म्हणाली.

दादा म्हणाला नाही. त्याने माझा हात सोडला.

"बाबा, तो तरुण मी आहे."

"कुठला तरुण?"

"आत्ता ज्याच्यासाठी प्रार्थना केलीत तो."

"पोलीस!" आई किंचाळली.

"पोलीस नाहीत, आई. अफरातफर पण नाही. फक्त नोकरी गेली आहे."

"मग ती मुलगी कोण?"

मी वर्गात करते तसा हात वर केला. "ती मी."

बाबांनी छातीला हात लावला. साखळीतली तेवढीच एक गोष्ट खरी व्हायची राहिली होती!

पण नाही. ते फक्त श्वास घेत होते. चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग कानांपर्यंत जांभळा. तोंड उघडलं. मी टेबलक्लॉथ घट्ट धरला. बाबांनी छताकडे पाहिलं, आत्ताच म्हटलेलं आमेन त्यांना आठवलं असावं, आणि तोंड परत मिटलं. असं तीन-चारदा झालं. मत्स्यालयातला मासा करतो ना, तस्सं!

"का?" शेवटी एवढंच बाहेर आलं.

दादाने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं. "एक नर्सबाई आल्या होत्या, त्यांच्या आईची चाकाची खुर्ची मावेल अशी गाडी शोधत. मालकाने दाखवलेल्या गाडीचे ब्रेक धड नव्हते. मला सांगायला लावलं की गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, दवाखाना ते घर एवढीच फिरलेली. तिथे प्रत्येक गाडी त्या डॉक्टरांचीच असते. मी बाईंना म्हणालो, ही घेऊ नका. बाबा, मी काम अर्धवट सोडलं नाही. मला ते सुरूच करता येईना."

बाबांनी सूप बाजूला सारलं.

"आपली गाडी," ते हळूच म्हणाले, "मी त्याच्याकडूनच घेतली. त्यानं मला सांगितलं होतं, एका म्हाताऱ्या डॉक्टरांची..."

"ती टॅक्सी होती, बाबा."

कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसले, पण खोकल्यासारखं.

बाबा उठले. टेबलाला वळसा घालून दादाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून तो टाय लावू नकोस," ते म्हणाले. "सोमवारी आपण दोघं मिळून काम शोधू. आणि गिटारचं मी परत काढणार नाही." ते थोडं थांबले. "या महिन्यात तरी."

दादाचे डोळे भरून आले. आईचे तर आधीपासूनच भरलेले होते. मी म्हणणार होते की एवढं सगळं शेवटी माझ्या प्रार्थनेमुळेच घडलं! पण दादाने नुसतं बघितलं, आणि मी सूप प्यायले.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आईने उचलला. थेट सोप्रानो काकू! त्यांचा आवाज फोनमधून अख्ख्या खोलीत ऐकू येतो.

"अहो, मला त्या मुलीबद्दल जरा नाजूक बोलायचं होतं. तो तरुण कोण, तुम्हाला काही कळलं का?"

बाबांनी दोन्ही हात हलवले. "माहीत नाही म्हण!" ते कुजबुजले.

दादाने मान वर करून बाबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बाबांचे हात हवेतच थांबले, हळूहळू खाली आले आणि ते खुर्चीत बसले.

"बरं. सांग," ते म्हणाले.

आईने एक मोठा श्वास घेतला. "कळलं हो. तो आमचाच मुलगा आहे. मालकासाठी खोटं बोलला नाही, म्हणून नोकरी गेली. बाकीचं सगळं साखळीतच वाढलं. आणि ती मुलगीही आमचीच. अहो, बहीण आहे ती त्याची!"

सोप्रानो काकूंचा आवाज गेलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मग त्या बारीक सुरात म्हणाल्या, "मग साखळीला काय कळवू? विषय संपला म्हणून सांगू का?"

आईने दादाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"तरुणाचा संपला म्हणून सांगा," ती म्हणाली. "मुलीचा चालू ठेवा!"