मथूची उंची आणि माझं ताक

लपलेला गहू शोधायला मला अर्धा रविवार पुरेल! असं मी डॉक्टरीणबाईंना खुर्चीत मागे रेलून सांगितलं. मारतहळ्ळीच्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकाच तर शोधतो. स्वयंपाकघर म्हणजे काय, चार फळ्या आणि एक फ्रीज!

(माझी बायको सौम्या खांद्यावरून हे वाचतेय. म्हणते, "रेलला कुठे होतास? घाम पुसत होतास." बरं. घाम पुसत.)

घाम आमच्या मथूमुळे. वय आठ, वर्गाच्या उंचीच्या रांगेत कायम सगळ्यांत पुढे. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की तिचं आतडं सुजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची अडते. वर्षभर गहू बंद केला. तरी बाई जागची हलेना!

"कुठून तरी गहू जातोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सापडला नाही, तर पुन्हा घशातून नळी घालून आतडं बघावं लागेल."

मथूने माझं बोट करकचून धरलं. मागची नळी तिच्या लक्षात होती.

रविवार. तपास सुरू!

संशयित पहिली: माझी आई. वसुमती, मूळची बेळगावची.

"आई, खरं सांग. मथूला चोरून चपाती देतेस?"

"मी? माझ्या नातीला? डोकं फिरलंय की काय रे तुझं!" आईने ज्वारीची भाकरी अशी थापली, की खालच्या मजल्यावरचे हयवदन अंकल भूकंप समजून वर आले.

आलेच आहेत तर घ्या त्यांनाही!

"अंकल, तुमच्या खिशात बिस्किटं दिसतायत."

"अय्यो, ती माझी! शुगर आहे ना, घरात खाऊ देत नाहीत. खाली सांगू नका, प्लीज!"

"तू पाहुण्यांचे खिसे तपासतोस?" सौम्या ओरडली.

"मी तपास करतोय!"

"मी चालले बेळगावला," आई म्हणाली.

(आई म्हणते, "गेले नाही ते लिही." लिहितो. गेली नाही. पण बॅग काढली होती.)

या गोंधळात मथू पोट धरून बसली. मी सगळ्यांना बाजूला सारलं. कारण पोटदुखीवर आमच्या घराण्यात एकच अस्त्र: हिंग घातलेलं ताक! ते मी स्वतःच्या हाताने करतो. रोज एक चिमूट. दुखलं तर दोन. अलीकडे सारखंच दुखायचं, म्हणून मी चिमटीवरून चमच्यावर आलो होतो.

मथूने हिंगाची डबी उचलली. नव्या पाकिटावरचं सगळं वाचायचं, हे मीच तिला शिकवलेलं. ही डबी मात्र जुनी, घरचीच म्हणून कुणी वाचलीच नव्हती.

"बाबा, यात गहू आहे."

"हिंगात कसला गहू! हिंगात हिंग असतो!"

"बारीक अक्षरात लिहिलंय. गव्हाचं पीठ."

मी वाचलं. चष्मा पुसून वाचलं. सौम्याने वाचलं. हयवदन अंकलनी भीतीने उरलेलं बिस्कीट गिळून टाकलं.

दुखलं म्हणून हिंग. हिंग म्हणून दुखलं. म्हणून आणखी हिंग!

"मग मी आता ताक नाही प्यायचं?" मथूने विचारलं.

"प्यायचं. हिंगाशिवाय."

"आणि पोट दुखलं तर?"

आईने पिठाचे हात पुसले आणि तिला मांडीवर घेतलं. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. तेच बरं होतं.

पुढचे महिने मी शहाण्यासारखा गप्प होतो. पोटदुखीही हळूहळू गप्प झाली. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

आणि काल भर मीटिंगमध्ये शाळेच्या मिसचा फोन. आवाज कडक.

"सर, मथूचा युनिफॉर्म स्वल्प शॉर्ट झालाय. स्कर्ट गुडघ्याच्या वर जातो. हे चालणार नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस, प्लीज," मी म्हणालो, "आणखी एकदा रागवा ना!"