चहापुरती वेबसाइट, मुक्कामी ॲप

आमच्या खालच्या मजल्यावरचे बोरकुटे काका मोबाईलमध्ये ॲप घेत नाहीत. एकही नाही. लाइटबिल, एसटीचं तिकीट, किराणा, सगळं वेबसाइट उघडून, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटानं. काम झालं की ती बंद करताना मोबाईललाच म्हणतात, "या आता."

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस, मत बदलेल तर शपथ. "वेबसाइट म्हणजे चहापुरता पाहुणा वं पोरी. येते, बसते, जाते. ॲप मुक्कामी येते. आल्या आल्या विचारते, तुमचे फोटो कुठी आहेत, ओळखीचे कोण कोण आहेत. अन् रोज सकाळी उठवून सांगते, सेल लागला."

मी लग्न होऊन पुण्याहून नागपुरात आलेली, त्यात मोबाईलची ॲप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. म्हणजे हा थेट माझ्या पोटावर पाय. मी तावातावानं सांगायची, काका, ॲप नेट नसलं तरी चालतं, कॅमेरा नीट वापरतं. "अन् जागा कोणाची खाते?" काका विचारायचे.

मागच्या महिन्यात मात्र ते स्वतःच वर आले. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते, तेव्हापासून त्यांची वाचा गेली होती. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी त्यांना व्हिडिओवर तपासणार होत्या, आणि वेबसाइटवरून काकांच्या जुन्या मोबाईलचा कॅमेरा काही सुरू होईना. दहा मिनिटं उरली होती. "घे तुयं ॲप," काका पडेल आवाजात म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

खाली त्यांच्या घरी बसून बघते तर मोबाईलमध्ये जागाच नाही. 'सांबार १', 'सांबार २' अशी फायलींची ही मोठी रांग. इडली-सांबारच्या रेसिपी असतील म्हणून मी धडाधड पुसून टाकल्या.

काका मोबाईलवर वाकले. "काहून पुसल्या वं? हिच्या फोनच्या रेकॉर्डिंग होत्या त्या."

इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत होतं हो. पण ऐन वेळी पुण्याचं डोकं आडवं आलं. काका बाजारात गेले की काकू फोन करून सांबार आणायला सांगायच्या, म्हणून ते नाव. आणि इतकं पुसूनही जागा काही होईना, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पुसलेलं महिनाभर मोबाईलच्या कचरापेटीत पडून असतं. उघडली. सगळ्या फायली होत्या. हुश्श झालं, रडूच आलं मला.

ॲप माझ्याच मोबाईलमध्ये घेतलं आणि डॉक्टरीणबाईंशी गाठ घालून दिली. ते आटोपल्यावर काकांनी खात्रीसाठी एक फाईल लावली. "अहो, येतानी सांबार आनजा. मागच्यावानी पालक नोका आनू." पलंगावरच्या काकूंनी मान वळवली. ओठ जरासे हलले.

"रोज एक लावतो," काका म्हणाले. "तिचा आवाज तिच्या ध्यानात राहाले पायजे. परत आला तं ओळखू आला पायजे ना तिले."