बर्फातलं जेवण आणि गल्लीचा शेजारधर्म

मी ठरवलं म्हणजे ठरवलं! यंदा मेव्हणीच्या लग्नात, निपाणीच्या भर मांडवात, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दाखवणार होतो!

तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय पराक्रम? सांगतो. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या एकसष्टीला माझ्याखालची प्लॅस्टिकची खुर्ची चारी पाय पसरून बसली आणि तिच्यावर मी. दोष खुर्चीचा होता! पण तेव्हापासून मी निपाणीत पाऊल टाकलं की आप्पा, म्हणजे माझे सासरे, सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडतात, "जावईबापूंस्नी लाकडी बाकडं आणा रं!" पंगत वाढायची थांबते. बाकडं येईपर्यंत मी उभा आणि सगळे माझ्याकडं बघत. जावई आहे का तंबाखूनं ठासून भरलेलं बोद?

म्हणून मॉलमधून फ्रोझन डाएट जेवणाचे डबे आणले. फ्रीझर गच्च भरला. डबा काढायचा, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, टिंग वाजलं की खायचं. डब्यावर हिरवागार मळा छापलेला. आत चमचाभर क्विनोआ आणि ब्रोकोलीचं एकच झुडूप! घरात फोडणी बंद, अशी मी आज्ञाच काढली, कारण फोडणीच्या वासानं माझा निश्चय विरघळतो. वाटलं, बायको भांडेल. पद्मजानं त्याच क्षणी कुकर घासून माळ्यावर टाकला! "मी पण डबेच खाते," म्हणाली. लग्न झाल्यापासून इतक्या चटकन तिनं माझं काही ऐकलं नव्हतं. फक्त कुणाला सांगू नको, एवढं मी तिला बजावलं. गाजावाजा केला की आपलं डाएट टिकत नाही, हा अनुभव!

आमची शहापूरची गल्ली. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. तरी कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे शेजारच्या बायाक्काला बरोबर कळतं. आमच्या शिट्ट्या थांबल्या हेही तिलाच आधी कळलं. त्यातच तिच्याकडं सत्यनारायण होता. साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास रस्त्यावर आला होता. आत गेलो तर संपलो, म्हणून मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि प्रसाद न घेता फिरलो. भुकेनं हात कापत असल्यामुळं दाढीही केली नव्हती. बायाक्काचे डोळे पाण्यानं भरले. मला वाटलं, मी बारीक झालेला तिला दिसलो!

संध्याकाळी ती पिठलं-भाकरी घेऊन हजर.

"दोन घास खा रं, साईनाथ."

"नको आक्का. खरंच नको."

"न्हाय म्हणू नगंस. पोटाला काय पाप हाय?"

मी खाईपर्यंत ती उठलीच नाही! दुसऱ्या दिवशी समोरच्यांकडून आमटी-भात. मग गल्लीत चढाओढच लागली. भरलं वांगं आलं, झुणका आला, दही आलं. "तूप घाल गं वरनं, लई खचलाय पोरगा!" नको म्हटलं की हात धरून भरवायचे. पद्मजा मात्र बाजूला बसून शांतपणे आपला डबा खात होती.

माझा नुसता संताप झाला! माणसानं जरा बारीक व्हायचं ठरवलं तर अख्खी गल्ली आडवी? एवढा कसला आकस?

विरंगुळा काय तो कारखान्यातच. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी आहे. आम्ही पंपाचे भाग ओततो. त्या आठवड्यात कुणीतरी ओतीव बिडाच्या जाड पायांची खुर्ची करून मागितली होती. "हिच्यावर हत्ती बसणार हाय काय?" मी म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

रविवारी सकाळी दार उघडलं, तर अंगणात मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून पांढऱ्या टोप्या गप्प बसलेल्या! बायाक्कानं आत घुसून पद्मजाला कवटाळलं आणि गळा काढला.

"आप्पा गेलं गं बाई! भणीचं लगीन तोंडावर, म्हणून दुःख गिळून बसलीस!"

"कोण म्हणतंय?" पद्मजा ओरडली.

"सांगाय कशाला पायजे? चूल पेटंना, फोडणी न्हाय, ह्येनं दाढी केली न्हाय, परसाद घेतला न्हाय. आनी तू घाईघाईनं निपाणीला गेलतीस. सुतक आमास्नी कळत न्हाय व्हय?"

"आक्का, ती ब्लाउजचं माप द्यायला गेलती!" मी किंचाळलो.

तेवढ्यात दारात जीप थांबली. लग्नाच्या पत्रिका घेऊन साक्षात आप्पा उतरले! फोटोला घालायला हार आणलेल्या म्हाताऱ्यानं तो पाठीमागं लपवला. बायाक्का मटकन खाली बसली.

"एवढी मंडळी?" आप्पा दारातच थबकले. "कोण गेलं?"

शेवटी मलाच बोलावं लागलं.

"कुणी न्हाय, आप्पा. मी... डाएट करतोय."

आप्पांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कधीपास्नं?"

अख्खं अंगण हसलं! दुखवट्याला आलेली माणसं डोळे पुसपुसून हसत होती. वर पद्मजा म्हणते, "आप्पा, ब्लाउजचं माप परत द्याय पायजे. लई सैल होतंय." अन्याय बघा! डबे माझे, पैसे माझे, निश्चय माझा आणि बारीक झाली ही! माझ्या विजारीचं बटण मात्र कालच तुटलं होतं.

मी रागानं समोरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. बघू दे सगळ्यांना!

"थांबा, थांबा! त्येच्यावर नगं!" आप्पा धावले. "पत्रिकेबरोबर तुमचा मान आणलाय, जावईबापू. घ्या रं खाली!"

चौघांनी दमत दमत जीपमधून ती उतरवली. ओतीव बिडाचे जाड पाय. पाठीवर, भांड्यांवर घालतात तसं नाव घातलेलं : 'जावईबापूंस सप्रेम भेट. आप्पा, निपाणी.'

"बाकडं बरं दिसंना लग्नात," आप्पा प्रेमानं म्हणाले. "तुमच्याच उद्यमबागेत करून घेतलीया."

काय करणार? बसलो! आता तिच्यावरच बसून हे सांगतोय. राग अजून गेलेला नाही. पण खरं सांगू? जरासुद्धा करकरत नाही हो. काम शेवटी आमच्या कारखान्याचं!