गडग्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारच्या तात्यांनी देवाशी भांडायला घराच्या गडग्यावर, म्हणजे रस्त्याकडच्या दगडी कुंपणावर, फळा टांगलाय. भांडण देवाशी आणि वाचतो अख्खा रस्ता. मासळी आणायला निघालेल्या बाया थांबून वाचतात, फिदीफिदी हसतात, आणि हसताना टेकतात माझ्या फाटकाला. आता मला सांगा, ही काय माणसात राहायची रीत झाली?

तात्या एसटीत कंट्रोलर होते. गाडी कितीही रखडो, स्टँडच्या फळ्यावर ते "येत आहे" एवढंच लिहायचे. मंडणगडच्या गाडीसाठी कुणी अंगावर धावून आलं तरी म्हणायचे, "येत आहे लिवलंय ना? मग येणार."

घरात त्यांना गाऱ्हाण्याची खोड. देवळात एकानं देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तसं हे चहासुद्धा मागायचे. "बा देवा म्हाराजा, ह्या घरात आज दुसरा चहा मिळूंदे." स्वयंपाकघरातून माई, म्हणजे त्यांची बायको, ओरडायच्या, "व्हय म्हाराजा, पण दूध तुम्ही आणा."

गेल्या वर्षी माईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आणि ह्या माणसानं गडग्यावर फळा टांगून काय लिहावं? "बा देवा म्हाराजा, बायको जरा गप बसूंदे असं मी म्हटलं होतं ते थट्टेत. तू भलतंच मनावर घेतलंस. तिचा आवाज परत दे."

मी तणतणत गेले. "तात्या, लाज कशी वाटत नाही? माई आत पडलेल्या, आणि तुम्ही लोकांना हसवताय?"

"वहिनी, रडून लिवलेलं देव वाचीत नाय," ते म्हणाले. "तसली गाऱ्हाणी त्याच्याकडे ढीगभर पडलीयत."

मग रोजचंच झालं. फळ्यावर लिहायचं, माईंच्या खिडकीशी उभं राहून स्टँडवरच्या आवाजात वाचायचं, आणि वाचून झालं की नुसतं थांबायचं. मला वाटे, लोकांनी वाहवा करावी म्हणून थांबतात. मेला नाटकीपणा.

परवा फाटक उघडते तर फळ्यावर मी. "बा देवा म्हाराजा, शेजारच्या वहिनींच्या आवाजातला थोडा काढून आमच्या माईला दे. वहिनींना काय कमी पडायचा नाय."

माझं डोकंच फिरलं. पदर खोचून गेले. तात्या खिडकीशी उभे राहून तेच मोठ्यानं वाचत होते. वाचून झालं, थांबले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आवाज आला. जड, अडखळता, पण स्पष्ट.

"व्हय."

म्हणजे माईंनाही तसंच वाटतं तर. इतक्या महिन्यांनी बाई बोलली, ती माझ्याविरुद्ध. आता सोडायचं नाही म्हणून वळले, तर तात्या हातात खडू धरून घळाघळा रडत होते. रोज ते ह्या एका शब्दासाठी थांबत होते, आणि मी त्याला नाटक म्हणत होते.

खोचलेला पदर मी सोडला, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. "नुसतं व्हय?" मी दरडावून विचारलं. "आणि म्हाराजा कुठं राहिला?"

तात्यांनी बाहीनं डोळे पुसले. माझ्यावरचं गाऱ्हाणं काही पुसलं नाही. त्याच्याच खाली लिहिलं, "म्हाराजा येत आहे."